मढे घाटातली भेट



मला माइकसमोर बोलायची सवय नाही. ऑफिसात मी स्क्रीनकडे बघूनच बोलते. तरी एक गोष्ट सांगायची म्हणून उभी राहिले.

मागच्या जुलैत आम्ही वर्गातल्या चौघी मढे घाटातला लक्ष्मी धबधबा बघायला केळदला गेलो. वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात, पण आपल्या भोरकरांच्या तोंडी अजून वेल्हेच. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचं पार्थिव याच वाटेने कोकणात उमरठला नेलं, म्हणून हा मढे घाट, असं सांगतात.

धुकं इतकं की धबधबा दिसेना, नुसता आवाज. आम्ही मोबाईल काढून कड्याकडे सरकलो.

"मागं व्हा! शेवाळ हाय तिथं!"

डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेतलेली एक बाई ओरडत आली. जवळ येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं, तू?"

नववी-दहावीला ती माझ्या बाकावर होती. माझी भूमिती तिच्या वहीमुळे सुटली. दहावीनंतर तिचं लग्न झालं आणि मी पुण्याला शिकायला गेले. तिला एक पत्रसुद्धा टाकलं नाही.

तिने घरी नेऊन चहा पाजला. म्हणाली, "सरांनी शिकवलेला जलविभाजक आठवतो? तो हितंच हाय, माझ्या दारात." कड्याकडे पडलेला पाऊस खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. वेल्ह्याच्या अंगाला पडलेला गुंजवणी, नीरा, भीमा, कृष्णा असा फिरत बंगालच्या उपसागराला जातो. त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण होते. जागा मात्र तिनेच दाखवली.

निघताना मी विचारलं, "आपल्या ग्रुपवर कशी नाहीस?"

"मला कुणी इचारलंच न्हाई गं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मेळाव्याची यादी आम्ही ज्यांचे नंबर होते त्यांचीच केली होती. परत आल्यावर शाळेतून हजेरीपट मिळवला आणि एकेक नाव शोधायला लागलो. अकरा जण सापडले. सात जणांचा अजून पत्ता नाही.

लावणी, काढणी उरकून ती आज आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. उरलेली सात नावं बाहेरच्या फळ्यावर लिहिली आहेत. जेवायला जाण्याआधी कृपया वाचा. कुणाला काही माहीत असेल तर सांगा.