तळ दिवसाउजेडी बघावा

 

रेडिओवरच्या ताई आमच्या वाड्यावर आल्या, तेव्हा मी घोडीला खरारा करत होते. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही दर दोन-चार दिवसांनी घर उचलता आणि दुसरीकडं मांडता. नवी जागा कशी निवडता, ते जरा आमच्या बायकांना सांगा की." मी म्हटलं, "अहो, त्यात काय सांगायचंय? जागा दिसली की घोडं सोडायचं." पण रात्री भाकरी थापताना वाटलं, हे काही खरं नाही बोललो आपण. जागा चुकली म्हणून काय काय भोगलंय, ते आठवलं. म्हणून आज बोलायला आले.

आम्ही मेंढपाळ धनगर, फलटणच्या बाजूचे. पावसाळ्याचे दिवस गावाकडं काढायचे आणि दिवाळी झाली की भोरवरून वरंधा घाटानं खाली कोकणात उतरायचं. मृगाच्या आधी परत वर यायचं. पुरुष माणसं मेंढरं चारत रानानं जातात. आम्ही बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून रस्त्यानं पुढं निघतो. भांडीकुंडी, अंथरुणं, पीठमीठ, मेंढरं कोंडायची जाळी, तान्ही कोकरं, कोंबड्या, सगळं घोड्याच्या पाठीवर. तुमचं घर दगडामातीचं, आमचं चार पायांचं. घोडं लंगडलं की घरच लंगडलं.

आता ती गोष्ट सांगते. दहा-बारा वर्षं झाली असतील. दिवाळी नुकतीच झाली होती. मुक्कामाची जागा पुरुषांनी आदल्या दिवशी ठरवली आणि ते मेंढरं घेऊन गेले. आम्हाला एवढंच सांगितलं, "ओढ्याच्या कडंला, पुलाच्या खाली." वाटेत ओझं दोनदा घसरलं, पोराला ताप होता, त्यामुळं पोचेपर्यंत दिवस मावळला. जागा बघून मला तर बरंच वाटलं. मऊ वाळू, हिरवं गवत, पाणी चार पावलांवर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्या म्हणाल्या, "सूनबाई, पाण्याजवळ ऱ्हावं, पाण्यात बसू नये. वर बांधावर चल." मी म्हटलं, "आत्याबाई, आता अंधारात कुठं शोधायचं? आजची रात्र काढू."

रात्री आमच्यावर पाऊस नव्हता, पण वर डोंगरात अवकाळी पडला. मध्यरात्री ओढ्याला पाणी आलं. घोडी अगाडी-पिछाडी दोन्ही लावून बांधलेली. दोर भिजून गाठ अशी आवळली की सुटेना. आत्याबाईंनी विळ्यानं दोर कापला, तेव्हा घोडी निघाली. माणसं वाचली, पण चार कोकरं गेली, पीठ गेलं, अंथरुणं गेली. घोडीचा पाय दगडावर फाटला. पुढचे तीन आठवडे तिच्या पाठीवर काही ठेवता आलं नाही. मग ते बिऱ्हाड कोणाच्या डोक्यावर आलं? आम्हा बायकांच्याच.

त्यानंतर आत्याबाईंनी वाड्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "जागा कारभाऱ्यांनी ठरवावी, पण बाईनं बघितल्याशिवाय घोडं सोडायचं नाही." पुरुष कुरकुरले. पण त्यांनाही पटलं, कारण ते मेंढरं घेऊन येतात दिवस बुडताना आणि पहाटे उठून जातात. दिवसभर त्या जागेवर राहतो आपण. पाणी आपण आणायचं, चूल आपण मांडायची, घोडं आणि पोरं आपण सांभाळायची. तेव्हापासून आमच्यातल्या दोघीजणी पुढं जाऊन जागा बघतात. काय बघतो, ते आता एकेक करून सांगते.

पहिली गोष्ट वेळेची. दिवस कासराभर वर असताना तळावर पोचायचं. घोडं सोडायच्या आधी सगळ्या जागेतून एकदा चालायचं. त्यासाठी सकाळी लवकर निघावं आणि भर दुपारी घोडं चालवू नये. जनावरांवर ओझं वाहण्याबद्दल सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त ओझं लादायचं नाही. दिवसात ९ तासांच्या वर काम घ्यायचं नाही आणि सलग ५ तासांच्या वर तर नाहीच. जिथं पारा ३७ अंशांच्या वर जातो, तिथं दुपारी १२ ते ३ ओझ्याचं काम घ्यायचं नाही. थकलेलं घोडं आणि थकलेली बाई, दोघंही मिळेल तिथं बसतात. आम्ही त्या रात्री तेच केलं.

दुसरी गोष्ट पाणी. आमच्यासारखं लहान चणीचं घोडं दिवसाला २० ते ३० लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे दोन-तीन घागरी एकट्या घोड्याला. तेवढं पाणी जवळ हवं, पण तळ पाण्याच्या पात्रात नको. पाणी कसलं आहे, तेही विचारायचं. गावची जनावरं तिथं पितात का, हे बघायचं. जिथं फवारणीचे पंप धुतात तिथलं पाणी पाजायचं नाही. ठिबकसाठी युरिया कालवलेल्या टाकीला तर मेंढरू शिवूही द्यायचं नाही, ते पाणी त्याचा जीव घेतं.

तिसरी गोष्ट चारा. बायांनो, घोड्याला ओकारी येत नाही. वाईट खाल्लेलं गाईम्हशीसारखं परत तोंडातही आणता येत नाही. पोटात गेलं ते पुढंच जायचं, आणि अडकलं की पोटशूळ उठतो. म्हणून चारा एकदम बदलायचा नाही. घाटावरचा कडबा आणि कोकणातला भाताचा पेंढा यांत फरक आहे. आम्ही दोन-तीन दिवस पुरेल एवढा जुना चारा बरोबर ठेवतो आणि नवा थोडा थोडा मिसळतो. बुरशीचा चारा, वास आलेलं धान्य कधीच नाही. तोबऱ्यात चंदी चढवायची ती आधी पाणी पाजून, आणि पोचल्या पोचल्या नाही, घोडं दम खाऊन थंड झाल्यावर.

जागेवर काय उगवलंय, तेही बघायचं. कण्हेर असली तर तिथं घोडं बांधायचंच नाही. तिची मूठभर पानंसुद्धा घोड्याला मारतात. एरंडाच्या बिया तशाच. मेंढरांसाठी घाणेरी बघायची, आणि कोवळी किंवा पाण्यावाचून सुकलेली ज्वारी बघायची, नाहीतर किराळ लागते.

चौथी गोष्ट जमीन. थोडा उतार असावा, म्हणजे पाणी साचत नाही. रात्रभर ओल्यात उभं राहिलं की खूर कुजतात. दलदल आणि उकिरडा यांच्यापासून लांब राहावं. तिथं चावऱ्या माश्या असतात, आणि सर्रा नावाचा रोग त्या माश्यांमुळं एका जनावराचा दुसऱ्याला होतो. घोड्याला सर्रा झाला आणि औषध मिळालं नाही, तर घोडं हाती लागत नाही. मग तारा, खिळे, फुटक्या बाटल्या वेचून काढायच्या. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. खुरात खिळा गेला तर जखम धुऊन वाट बघत बसू नका, डॉक्टरांना बोलावून सुई टोचून घ्या. वर नजर टाकायलाही विसरू नका. लोंबत्या विजेच्या तारेखाली तळ नको.

पाचवी गोष्ट बांधणी. डांबरी रस्त्याला लागून घोडं बांधू नये. रात्री एक हॉर्न वाजला की ते मेख उपटून थेट रस्त्यावर जातं. दोन घोड्यांत एवढं अंतर ठेवावं की लाथ लागणार नाही आणि दोर एकमेकांत अडकणार नाहीत. जवळ दुसऱ्या वाड्याचा घोडा असेल आणि आपली घोडी माजावर असेल, तर एक शेत सोडून बसावं, नाहीतर रात्रभर झोप नाही. गाठ अशी मारावी की एका हिसक्यात सुटेल. आणि विळा उशाशी ठेवावा. हे मी फार महाग शिकले आहे. जुन्नर-शिरूरकडं उसाचं रान आहे, उसात बिबट्या असतो. तिकडं उसाला चिकटून तळ मांडू नये. शिंगरू, कोकरं आणि आपली पोरं मधोमध, कुत्री कडेला.

सहावी गोष्ट माणसांची. ही मी शेवटी सांगते, पण ती बघितल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट आहे. शेत कोणाचं, त्याची परवानगी आहे का, किती रात्री बसायचं, मोबदला धान्यात की पैशात, हे घोडं सोडायच्या आधी बोलून घ्यावं. नुसतं मालकाशी नाही, त्या घरातल्या बाईशीही बोलावं. विहिरीवर पाणी भरू देणार का? आम्ही बायकांनी पहाटे बाहेर जायला आडोसा कुठं आहे? हे आपण पुरुषांना विचारायला सांगत नाही आणि ते आपणहून विचारत नाहीत. जिथं मला रात्री एकटीनं चार पावलं जायची भीती वाटते, ती जागा गवत कितीही असलं तरी चांगली नाही. हे तोंडानं सांगायला शिका. मोबाईलला रेंज कुठं येते, तेही उजेडातच बघून ठेवा. जनावर आजारी पडलं तर १९६२, माणूस आजारी पडलं तर १०८, आणि कोणी त्रास दिला तर ११२. हे तीन आकडे आमच्या पोरींना पाठ आहेत.

पोटशुळाचं एवढं ध्यानात ठेवा. घोडं खाणं सोडून सारखं मागं वळून पोटाकडं बघतं, पायानं माती उकरतं, लोळतं, घामाघूम होतं. कुशीला कान लावला तर एरवी गुडगुड ऐकू येते, ती बंद झाली असेल तर धोका मोठा आहे. चारा काढून घ्या, हळूहळू चालवा आणि लगेच फोन करा. नळीनं किंवा बाटलीनं तेल पाजायला जाऊ नका. ते फुप्फुसात गेलं तर घोडं त्यानंच मरतं.

आणि निघताना? घोडं झाडाला बांधू नये. ते साल सोलतं आणि टापांनी मुळं उघडी पाडतं. कोकणात आंब्याच्या एका कलमासाठी शेतकऱ्यानं किती वर्षं पाणी घातलेलं असतं. मेख ठोकून बांधावं. उठताना लीद शेतात पांगवावी, खड्डे बुजवावेत, चुलीवर पाणी ओतावं. पुढच्या वर्षी त्याच घरानं "या" म्हटलं, तर समजावं आपण नीट राहिलो.

आता माझ्या शेतकरी मैत्रिणींना दोन शब्द. तुमच्या रानात वाडा बसतो, तेव्हा मेंढरांचं खत तुम्हाला मिळतं. बसवायच्या आधी तुम्हीही आम्हाला सांगा, फवारणी कुठं झालीय, कुठली टाकी औषधाची आहे, ओढ्याला कधी पाणी येतं. त्या पुलाखालच्या ओढ्याला असं पाणी येतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण आम्ही कोणाला विचारलं नाही. एक बाई जरी भेटली असती, तरी ती रात्र टळली असती.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोलून बघा. जत्रेला बैलगाडी घेऊन जा, ऊसतोडीला जा नाहीतर वारीला जा, मुक्कामाची जागा कोण ठरवतं? आणि तिथं पाणी कोण भरतं?

आत्याबाई आता थकल्यात. गुडघे चालत नाहीत, म्हणून त्या गावीच असतात. पण रोज दिवस कलला की फोन येतो. "जेवलीस का" हे नंतर. आधी विचारतात, "घोडी कुठं बांधलीस?" मी सांगते, "बांधावर आत्याबाई, उंचावर." मग म्हणतात, "बरं. आता भाकरी खा."

राम राम.