तांब्या हाताशी असू द्या



एप्रिल 2016.
मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली.
घागरीमागे घागर मोजून वापरायचे ते दिवस. अशा टंचाईत घरातली बाई आधी स्वतःच्या पिण्याच्या पाण्याला कात्री लावते. ती अंगावर पाजणारी असेल, तर तिनं असं मुळीच करू नये.

आईच्या दुधाचा मोठा भाग पाणीच असतो. बाळ प्यायला लागलं, की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं. दूध उतरतं. आणि पुष्कळ आयांचा घसा तेव्हाच कोरडा पडतो. म्हणून पाजायला बसताना तांब्या-पेला हाताशी हवा.

“बाळंतिणीनं पाणी पिऊ नये, पोट सुटतं,” असं अजून बऱ्याच घरांत सांगतात. त्याला काहीही आधार नाही.
तहान लागली, की प्यावं.
पुन्हा ऐका, तहान लागली, की प्यावं.

मात्र बळंच जास्त पाणी प्यायल्यानं दूध वाढत नाही. ते वाढतं बाळाला वरचेवर पाजल्यानं.

लघवी गडद पिवळी झाली, तोंड सुकलं, गरगरलं, तर पाणी कमी पडत असावं. उन्हाळ्यात पाण्याबरोबर ताक, पातळ वरण, ज्वारीची आंबील घ्यावी. चहा थोडाच.

आणि बाळाला?
पहिले सहा महिने, लातूरच्या मे महिन्यातसुद्धा, वरचं पाणी नको. चमचाभरही नको. त्याचं पाणी आईच्या दुधातच आहे. दिवसातून सहा-सात वेळा दुपटं ओलं होत असेल, तर त्याला पुरेसं मिळतंय. कमी होत असेल, तर आशा कार्यकर्तीला त्याच दिवशी सांगावं.