उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना



मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कधीकाळी लक्ष्मीबाई टिळकांनी भूषवले होते. त्यांच्यानंतर याच मानाच्या जागी उभे राहून ख्रिस्ती जीवनातल्या सोसण्याविषयी बोलायचे, तर मनावर दडपण येते. कारण त्यांनी सोसले होते, आणि लिहिताना कुणाचाही सूड घेतला नव्हता.

छळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रोमचे आखाडे येतात. परंतु पेत्राचे पहिले पत्र वाचा. ते आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेले आहे, आणि त्यांच्या वाट्याला आलेला छळ बहुतांशी शेजाऱ्यांकडून आलेला दिसतो. निंदा, कुजबुज, जुन्या सोबत्यांचे तुटणे. पेत्र त्यांना धीर देतो, पण एक गोष्ट बजावूनही सांगतो. आपल्याच दुष्कृत्यांपायी किंवा नसत्या उठाठेवींपायी भोगावे लागले, तर त्यात भूषण मानायचे कारण नाही. ही कसोटी मला फार मोलाची वाटते. आपल्याला झालेला प्रत्येक विरोध हा वधस्तंभ नसतो. काही वेळा ते आपल्याच उद्धटपणाचे फळ असते.

महाराष्ट्रातल्या पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांचा छळ पेत्राच्या वाचकांसारखाच होता. इथे सिंह नव्हते, इथे घर होते. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता. तो वयाने अज्ञान, म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून शहरात रण पेटले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावे म्हणून उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. आपण ही हकीकत नेहमी नारायणरावांच्या बाजूने सांगतो, आणि ती सांगावीच. पण त्या बापाचे काय? एक मुलगा कायमचा गेला. दुसरा कोर्टातून परत आणला, तर त्याला पंगतीत बसवायला जातभाई तयार नाहीत. तो माणूस आपला वैरी नव्हता. त्यानेही सोसले. त्याच्याविषयी आपल्या साहित्यात पुरेसे लिहिले गेलेले नाही, आणि ही उणीव मला बोचते.

लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चे थोरपण मला इथेच दिसते. 1895 साली त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई ख्रिस्ती नव्हत्या. ज्याला आपण विश्वासाची किंमत म्हणतो, ती त्या दिवशी टिळकांच्या बरोबरीने, कदाचित त्यांच्याहून अधिक, एका हिंदू बायकोने मोजली. नवरा जिवंत, आणि संसार मोडलेला. पदरात लहान मूल. नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढायचे आणि लोकांचे बोलणे ऐकायचे. पुढे त्या टिळकांकडे राहायला गेल्या तरी सोवळे सुटले नव्हते. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला. कित्येक वर्षांनी त्यांनी हे सारे लिहिले, तेव्हा टिळकांचा हट्ट लपवला नाही, सासरच्या-माहेरच्या माणसांना राक्षस केले नाही, आणि आपल्या दुःखाची आरासही मांडली नाही. इतके सोसून इतके स्वच्छ लिहिणे, याला मी ख्रिस्ती साक्ष म्हणते. प्रवचनांच्या शेकडो पुस्तकांनी जे साधले नाही ते या एका पुस्तकाने साधले: मराठी घराने ख्रिस्ती घराला आपले मानले.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून कठीण आहे. 1889 साली मुंबईत त्यांचे विधवा-मुलींसाठीचे शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. 1893 साली धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. हे आपण सांगतो. मात्र 1883 साली वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यानंतर लगेचच त्याच बाईंना इंग्लंडमधल्या धर्मभगिनी आणि धर्माधिकारी कसे दटावत होते, हे आपण हळू आवाजात सांगतो. त्रैक्यासारख्या सिद्धांताविषयी त्यांनी प्रश्न विचारले आणि आज्ञाधारकपणाच्या नावाखाली स्वतःची बुद्धी गहाण टाकायला नकार दिला. त्यांचा पत्रव्यवहार छापील आहे, कोणीही वाचावा. स्वदेशीयांनी त्यांना परकी ठरवले आणि परदेशी धर्मबंधूंनी गर्विष्ठ. तरीही दुष्काळात उपाशी पोरी गोळा करून केडगावला मुक्तीचे घर उभे राहिले, आणि मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्या आयुष्याच्या अखेरपर्यंत करत राहिल्या. एवढे काम करणाऱ्या बाईला कुरकुरायला सवड तरी कुठली!

आणखी एक गोष्ट या व्यासपीठावरून स्पष्ट बोललीच पाहिजे. छळ करणारे हात कधी ख्रिस्ताच्या नावाचेही होते. गोव्यात 1560 पासून, मधली थोडी वर्षे सोडली तर 1812 पर्यंत, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालले. त्याच्या कचाट्यात सापडलेल्यांत नवख्रिस्तीच फार होते. घरात तुळस लावली, जुन्या रीतीने भात शिजवला, एवढ्यावरून त्यांच्यावर संशय घेतला जाई. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 साली छापले गेले. आपल्या परंपरेच्या एका हातात ते पुराण आहे आणि दुसऱ्या हातात तो तुरुंग. पहिल्याचा अभिमान सांगायचा आणि दुसऱ्यावर पांघरूण घालायचे, असे करून चालणार नाही. चर्चच्या आतली जातही तशीच. दलित ख्रिस्ती माणसाला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवले, याबद्दल आपण सरकारला जाब विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. मग सोयरीक जुळवताना आपण कोणती चौकशी करतो, तेही सांगू या.

आज छळ नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. जानेवारी 2025 मध्ये बस्तरमधल्या एका पास्टरांचे पार्थिव कित्येक दिवस शवागारात पडून होते, कारण गावात त्यांना पुरू देईनात. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली, आणि अखेर कित्येक किलोमीटर दूरच्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत बापाला माती द्यावी लागली. आजोबा-पणजोबांच्या गावात मूठभर जागा न मिळणे म्हणजे काय, हे समजायला ख्रिस्ती असावे लागत नाही. अशा वेळी सोसणे म्हणजे मुकाट राहणे, असे मला वाटत नाही. पौलाने फटके खाल्ले आणि आपल्या रोमन नागरिकत्वाचा हक्कही बजावला. कैसराकडे दाद मागितली. न्यायालयात जाणे हा विश्वासाचा कमीपणा नव्हे. द्वेष मनात धरणे हा आहे.

लेखक मित्रांनो, आपल्या गावोगावच्या मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्या वाळवी खाते आहे. ज्या आज्यांनी घर सोडले त्यांच्या नाती आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्याकडे जा, त्यांचे बोलणे उतरवून घ्या. त्या आज्यांना घराबाहेर काढणाऱ्यांचे वंशज गावात असतील, तर त्यांच्याही ओसरीवर बसा आणि विचारा की त्या रात्री त्या घरात कोण रडले होते. दोन्ही घरांचे लिहा. पुढच्या संमेलनाआधी प्रत्येकाने असे एक तरी घर लिहून आणावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.