श्वासाचे नियमन

प्राणवायू कमी पडू लागला की शरीर श्वास घेते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु निरोगी माणसाचा श्वास क्षणोक्षणी चालतो तो मुख्यतः रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या, म्हणजे पेशींनी अन्नातून ऊर्जा काढून घेतल्यावर उरणाऱ्या टाकाऊ वायूच्या, प्रमाणानुसार. हा वायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल बनते, आणि आम्लतेतील अल्पसा फरकही मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात, असलेल्या संवेदनशील पेशी टिपतात. मग तेथील श्वसनकेंद्राचे आदेश श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधील स्नायूच्या पडद्याला, आणि बरगड्यांमधील स्नायूंना पोहोचतात.

ही गोष्ट शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टली यांनी १९०५ साली ज्या साधेपणाने दाखवली, तो आजही थक्क करणारा आहे. जोराने सोडलेल्या उच्छ्वासाचा अगदी शेवटचा अंश त्यांनी नळीत पकडला, कारण तो वायुकोशांतून, म्हणजे जेथे रक्त आणि हवा यांच्यात वायूंची देवघेव होते त्या फुप्फुसांतील सूक्ष्म पोकळ्यांतून, येतो. बेन नेव्हिस या स्कॉटलंडमधील शिखरावर आणि कॉर्नवॉलमधील डॉलकोथच्या खोल खाणीत हवेचा दाब निराळा असूनही वायुकोशांतील कार्बन डायऑक्साइडचा दाब जवळजवळ तेवढाच आढळला. शिवाय तो वातावरणाच्या दाबाच्या अवघ्या ०.२ टक्क्यांइतका वाढला, तरी विश्रांत माणसाच्या वायुकोशांत खेळणारी हवा दुप्पट होते, असेही त्यांना दिसले.

प्राणवायूवर पहारा नाही असे नव्हे. मानेतील मोठी धमनी जेथे दुभंगते तेथील इवल्या पिंडांना त्याची उणीव कळते, आणि या शोधासाठी कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र प्राणवायू बराच घटल्याखेरीज, उदाहरणार्थ उंच पर्वतावर, हा पहारा जोमाने जागा होत नाही.

पोहणाऱ्यांनी हे जाणून घेणे अत्यंत निकडीचे आहे. पाण्याखाली जास्त वेळ टिकावे म्हणून बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेण्याची सवय अनेकांना असते. परंतु रक्तातील हिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन, आधीच जवळजवळ भरलेले असल्यामुळे प्राणवायूचा साठा त्याने फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र पुष्कळ निघून जातो. मग श्वासाची निकड जाणवण्यापूर्वीच मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो आणि पट्टीचा पोहणाराही कोणतीही धडपड न करता पाण्याखाली बेशुद्ध होतो, त्यामुळे काठावरच्यांना संकटाची चाहूलही लागत नाही.