आधी तिचं नाव विचारा



वारीत आपण भेटेल त्याच्या पाया पडतो. लहानथोर बघत नाही, जात-पात विचारत नाही. मग शेजारून चालणाऱ्या एखाद्या लेकराचे डोळे जरा तिरके दिसले, बोलणं जड वाटलं, की त्याच्यादेखत आईला का विचारतो, "हिला काय झालंय हो?" ते लेकरू ऐकत असतं, मायबाप. त्याला सगळं कळतं.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी अशी आहे, म्हणून हक्कानं बोलतो. तिला डाऊन सिंड्रोम आहे. डाऊन हे एका इंग्रज डॉक्टरचं आडनाव बरं का! जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये ही लक्षणं लिहून ठेवली. कारण कळायला १९५९ साल उजाडलं. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, म्हणजे एकूण ४६. या मुलांना २१ व्या जागी दोनाऐवजी तीन असतात. झाली ४७. बहुतेक वेळा हे गर्भ राहतो तेव्हाच ठरलेलं असतं.

आणि लोक माझ्या भावजयीला काय म्हणाले? "ग्रहणात भाजी चिरली असशील." कुणी मागच्या जन्मीचं पाप काढलं. अहो, ओली बाळंतीण ती! तिला आधार द्यायचा, की तिच्यावर आरोप ठेवायचा? आईच्या हातून काही चुकलं म्हणून असं होत नाही, हे इथून उठताना गाठीला बांधून न्या.

प्रारब्ध म्हणून स्वस्थही बसू नका. अशा साधारण निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. म्हणून बाळ जन्मल्यावर लवकरच हृदयाची टूडी इको तपासणी करून घ्यावी. कान, डोळे, थायरॉईड वेळोवेळी तपासावं. बोलण्याचे उपचार लहानपणीच सुरू करावेत. नवस खुशाल बोला, पण डॉक्टरांची तारीख चुकवू नका.

दुसरं टोकही नको. "ही देवाची लेकरं, यांना राग नाही, लोभ नाही," असं लोक कौतुकानं म्हणतात. आमची पुतणी रुसते, आंब्याच्या फोडीवरून भावाशी भांडते, आवडीची साडी नेसायला मागते. तुमच्या-आमच्यासारखंच मन आहे ते. तिला कीव नको, बरोबरीनं वागवणं हवं.

तेव्हा अशी कुणी भेटली तर सरळ तिलाच विचारा, "माउली, तुझं नाव काय?" उत्तराला थोडा वेळ लागेल. थांबा. मध्येच आईकडे बघू नका.

आमच्या भजनात तिचा टाळ किंचित मागे पडतो. पखवाजवाला तिच्याकडे बघतो, लय थोडी धरतो आणि तिला बरोबर घेतो. त्यानं भजन बिघडत नाही. बोला, रामकृष्ण हरी!