गावाची ओढ आणि शाळेचे काम



मनुष्य जोवर आपल्या गावात राहत असतो, तोवर त्याला गाव दिसत नाही. वेस, विहीर, खाडीवरचा वारा, शेजाऱ्याची हाक ही सारी त्याला आयती लाभलेली असतात. आणि आयत्या लाभलेल्या वस्तूचे मोल कळण्यास बहुधा तिचा वियोग घडावा लागतो. हा अनुभव जुनाच आहे. परंतु ज्या गावाचा लौकिक निष्कलंक नाही, त्याच्याविषयीचे प्रेम कसे जागे होते, याचा विचार शिक्षकाने मुद्दाम करावा. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातील भिवंडीचे उदाहरण घेऊ.

भिवंडीत लहानाचा मोठा झालेला एखादा तरुण नोकरीनिमित्त दूरच्या शहरी गेला आहे, अशी कल्पना करावी. कोणी गाव विचारले की तो ‘ठाण्याजवळ’ एवढेच सांगून विषय संपवितो. भिवंडी म्हटले की ऐकणाऱ्याला यंत्रमागांचा खडखडाट, मालमोटारींनी तुंबलेले रस्ते आणि १९७० व १९८४ सालच्या दंगली एवढेच आठवणार, हे त्याला ठाऊक असते. त्यातील काहीच खोटे नाही. परंतु खेदाची गोष्ट ही की, त्यापलीकडचे त्याला स्वतःलाही फारसे सांगता येत नाही. त्याची लाज ही पुष्कळ अंशी अज्ञानाची लाज असते.

पुढे एखाद्या शांत रात्री त्याला झोप येत नाही, आणि आपल्याला मागांचा आवाज ऐकू येत नाही म्हणून चुकल्यासारखे होत आहे, हे त्याच्या ध्यानी येते. बाजारात कापड हाती घेताना मनात येते की, हे कदाचित आपल्याच गावी विणले गेले असेल. भिवंडीचे पुष्कळसे कोरे कापड रंगाई-छपाईसाठी परगावी जाते. ते विकले जाते तेव्हा त्यावर भिवंडीचे नाव नसते. ज्या गावाचे श्रम देशभर अंगावर वागविले जातात, त्याचे नाव आपणही लपवावे काय, असा प्रश्न त्याला पडतो. मग सुटीत घरी आल्यावर तो वडीलधाऱ्यांना विचारू लागतो.

विचारणाऱ्याला भिवंडी बरेच काही सांगते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीचा मुलूख आदिलशाहीकडून जिंकून घेतला, आणि त्यानंतर याच खाडीपट्ट्यात स्वराज्याच्या आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदुस्थानातून विणकर येथे येऊन वसले. हातमागांच्या जागी पुढे यंत्रमाग आले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या खचल्या तेव्हा हा धंदा अधिकच फोफावला. जेथे दोनदा रक्त सांडले, तेथेच १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. हिंदू-मुसलमान शेजारी नियमितपणे एकत्र बसू लागले, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. हे कळल्यावर त्या तरुणाला गावाचे दोष दिसेनासे होत नाहीत. परंतु दोषांसह गाव आपले आहे, आणि ते सुधारू शकते, एवढे त्याला उमगते.

गावाने दुखविले तरी प्रेम टिकते, याचा थोर दाखला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा आहे. कोकणातील मुरूड हे त्यांचे गाव. मुंबईस असताना त्यांनी स्नेह्यांच्या साहाय्याने गावासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा त्याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांनी गावाचा द्वेष केला नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेथे शाळा नाही अशा खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. एका गावाचे प्रेम अशा रीतीने सर्व गावांचे झाले.

परंतु गावाची ओळख होण्यासाठी मुलाने आधी गाव सोडलेच पाहिजे काय? वियोग जे उशिरा शिकवितो, ते शाळेने वेळीच शिकवावे. भिवंडी तालुक्यात यासाठी सामग्रीची वाण नाही. लोनाडची लेणी व प्राचीन शिवमंदिर, गणेशपुरी व अकलोलीची उन्हाळी, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेशी नाते सांगणारे वज्रेश्वरीचे देवालय, ही सर्व मुलांच्या आवाक्यात आहेत. परंतु प्रेक्षणीय स्थळे दाखविल्याने काम संपत नाही. वर्गातील एखाद्या मुलाचे वडील दूरच्या प्रांतातून मागावर काम करण्यास आलेले असतात. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले तेव्हा कित्येक कामगार कुटुंबे मूळ गावाकडे निघाली; त्यांतील मुलांना दोन गावे असतात. अशा मुलास ‘तू बाहेरचा’ असे वाटू देऊ नये. दोन्ही गावांविषयी त्याला वर्गात बोलू द्यावे. दोन घरे असणे हे उणेपण नव्हे.

दुसरा मुलगा येथल्याच शेतकऱ्याचा असतो. पण भाताच्या खाचरांवर आता गोदामे उभी राहिली आहेत. आजोबांना प्रत्येक खाचराचे नाव तोंडपाठ असते, नातवाला एकही सांगता येत नाही. ही नावे पुस्तकात छापलेली नसतात. सांगणारा गेला की तीही जातात. म्हणून प्रत्येक शाळेने एक साधी वही घालावी. मुलांनी घरच्या वृद्धांना विचारून शेतांची, ओढ्यांची, पाड्यांची नावे आणि आपले कुटुंब येथे कोठून व का आले, याची हकीकत तीत लिहावी. चांगले लिहावे, तसेच गावात झालेली भांडणे व ती कशी मिटली, हेही लिहावे. शिक्षकाने केवळ शुद्धलेखन तपासावे, गावाला नटवू नये.

अशी वही लिहिलेला विद्यार्थी उद्या पोटासाठी कोठेही जाईल. तेथे कोणी गाव विचारले, तर त्याला आडवळणाने उत्तर द्यावे लागणार नाही. तो आपल्या गावाचे नाव सरळ सांगेल, आणि ऐकणाऱ्यास वेळ असेल तर पुढची हकीकतही सांगेल.