मंडईची तारीख गावाकडेच राहू द्या

हलक्या धानाची कापणी आटोपते, गायगोधन होतं, भाऊबीज होते, आणि भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या मुलखात मंडया सुरू होतात. मंडई म्हणजे गावाची जत्रा: घरोघरी पाहुणे, दिवसा दुकानं, रात्री नाटक. याहून जास्त सांगण्यात माझी दहा मिनिटं घालवत नाही. बोलायचं आहे ते मंडईच्या तारखेबद्दल. अलीकडे एक सूचना पुन्हापुन्हा कानावर येते. गावोगावच्या या लहान लहान मंडया हव्यात कशाला? त्यापेक्षा नवेगावबांधसारख्या एखाद्या मोठ्या तलावाच्या काठी शनिवार-रविवार धरून एकच महोत्सव करावा. मोठा मंडप, मोठे कलावंत, बाहेरचे पर्यटक, आणि जमलं तर तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण मंडई कशावर उभी आहे हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. ती उभी आहे तारखांवर. आज या गावाची, उद्या शेजारच्या गावाची, परवा तिसऱ्याची. तारखा वेगवेगळ्या आहेत म्हणून मंडई आहे.

आपल्याकडची पंगत डोळ्यांपुढे आणा. पहिली पंगत बसते तेव्हा दुसरी पंगत वाढत असते. पहिली उठते, हात धुते, पदर खोचते आणि वाढायला लागते. घाईची वेळ आहे म्हणून सगळेच एकदम पाटावर बसले तर वाढणार कोण? मग आचारी लावा, वाढपी लावा, त्यांना पैसे द्या. जेवण होईल, कदाचित अधिक नीटनेटकं होईल, पण आग्रह कोण करणार? मंडईत आज ज्या गावानं वाढलं ते उद्या शेजारच्या गावात जेवायला बसतं. आजचा यजमान उद्याचा पाहुणा. महोत्सवात सगळं गाव एकदम पाहुणं होतं, आणि यजमान होतो तो कंत्राटदार. पंगतीत कुणी रुसलं तर समजूत घालायला घरचा माणूस असतो. कंत्राटदार कुणाची समजूत घालणार?

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही, पोटापाण्याचंही आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची रंगभूमी घ्या. वडशाला डझनावारी नाटक कंपन्यांची बिऱ्हाडं लागतात, दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचा हंगाम चालतो, आणि मंडईचं मंडळ नाटक ठरवायला तिथंच जातं. दिवसा दंडार नाही तर खडी गंमत ही लोकनाट्यं, रात्री दहा-अकराला नाटकाचा पडदा वर जातो तो पहाटे खाली येतो. एक कंपनी एका रात्री एकाच गावात खेळ करू शकते. गावांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत म्हणूनच तिला रात्रीमागून रात्री काम मिळतं, आणि नट, वादक, पडदेवाला, दिवेवाला यांचं वर्ष निघतं. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं कौतुक राज्यभर झालं. ते कौतुक करणारेच जर म्हणू लागले की सगळ्या मंडया दोन दिवसांत उरका, तर त्या कौतुकाचं काय करायचं? महोत्सवात नाटक होईल, नाही असं नाही. तीन-चार कंपन्यांना बोलावणं जाईल. बाकीच्यांनी काय करायचं? खेळणी-बांगड्यांच्या दुकानांचंही तेच. तो माणूस आपलं बोचकं घेऊन मंडईमागून मंडई फिरतो. मासेमार ढिवरांच्या बायका तलावातले शिंगाडे उकडून विकायला बसतात, तेही याच दिवसांत. महोत्सवात जागेचं भाडं आलं, पावती आली. शिंगाड्याच्या टोपलीला ते परवडेल?

आता उन्हाळ्याचं. मे महिन्यात सुट्टी असते, पुण्या-नागपूरला कामाला गेलेली पोरं गावाकडे येतात, म्हणून महोत्सव तेव्हा घ्यावा असं म्हणतात. वरवर पटतं. पण तलावाकडे पाहा ना. मे महिन्यात निम्म्या बोड्या, म्हणजे लहान तळी, कोरड्या पडलेल्या असतात, मोठ्या तलावांचं पाणी पाळीपासून, म्हणजे बांधापासून, कितीतरी मागे गेलेलं असतं. घरातला धान सरत आलेला. चैत्रात मोहफूल वेचायचं, वैशाखात तेंदूपत्ता तोडायचा. जंगलाकाठच्या माणसाला उन्हाळा हा रोकड कमावण्याचा काळ आहे, पाहुणे बोलवण्याचा नाही. उन्हाळ्यात सोहळे नसतात असं नव्हे. लग्नं असतात, एका गावात एका दिवशी तीन-तीन असतात. पण त्यातली कितीतरी लग्नं ठरलेली कुठं असतात? मंडईत. चार गावचे सोयरे एका ओसरीवर बसतात, मुलगी-मुलगा नजरेखालून जातो, बोलणं निघतं, आणि वैशाखात मांडव पडतो. शरद आणि ग्रीष्म यांची वाटणी लोकांनी अशी करून ठेवली आहे. ती मोडायची तर तिच्या जागी दुसरी काय देणार, ते आधी सांगा.

माझा मुद्दा काहींना अजूनही जुन्याचा हट्ट वाटत असेल, म्हणून तलावांचाच पुरावा देतो. हे तलाव सरकारनं बांधलेले नाहीत. गोंड राजवटीत कोहळी समाजानं बांधले, मालगुजारांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी, बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळ्यांच्या नावानं ओळखला जातो. पूर्व विदर्भात असे 6,500 हून अधिक तलाव आहेत. 1950 साली तेव्हाच्या मध्य प्रदेशानं मालगुजारी संपवणारा कायदा केला, आपला भाग त्याच राज्यात होता, आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराचे दिवस सुखाचे होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. बेगार होती, जुलूम होता, आणि तो गेला हे उत्तमच झालं. पण एक गोष्ट हातची निसटली. पूर्वी पाळ फुटली की गाव धावायचं. तलाव सरकारचा झाल्यावर गाव अर्ज करू लागलं. गाळ साचत गेला, पाणी धरण्याची ताकद घटली, बेशरमीचं तण माजलं, आणि कागदोपत्री तो तलाव माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव, म्हणून नांदत राहिला. आता गाव आणि ढिवरांच्या संस्था मिळून जिथं पुन्हा हात घालतात, तिथं फरक दिसतो. तलावाची जी गत झाली तीच मंडईची करायची आहे का? तारीख ठरवण्याचा हक्क वर गेला की मंडपाला खांब रोवायला गावातला कुणी येणार नाही. अर्ज करील.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. मंडईत दारू वाहते, कोपऱ्यात जुगार बसतो. खरं आहे, आणि ज्या मंडळाच्या डोळ्यांदेखत हे चालतं त्यांना दोष दिलाच पाहिजे. पण जिथं सगळे एकमेकांना नावानं ओळखतात, तिथं गावातल्या बाया मिळून जुगाराचा फड उठवू शकतात. दहा हजारांच्या अनोळखी गर्दीत कोण कुणाला उठवणार? दुसरा आक्षेप खर्चाचा. वीस-पंचवीस पाहुणे घरी येतात, धान विकून आलेले पैसे पाहुणचारात जातात. याला माझं उत्तर पुन्हा पंगतीचंच: आज वाढलं ते उद्या तुमच्या पानात येतं. मात्र इथं पंगतीत एक कोपरा उघडा राहतो, तो झाकून चालणार नाही. ज्याच्याकडे शेतीच नाही, जो मजुरीवर जगतो, तो कितीही पंगतींत बसला तरी स्वतः वाढायला उभं राहणं त्याला जड जातं. त्याच्यावर मंडई हे कर्ज होऊन बसते. याचं उत्तर गावजेवणात असेल, मंडळाच्या वर्गणीत असेल. पण महोत्सवात नक्कीच नाही, कारण तिथं तर त्याला बसायलाही पाट नाही.

तिसरी गोष्ट सांगतो आणि ही जरा आपल्याच लोकांना टोचेल. वेगवेगळ्या तारखांचं पथ्य गावांनाही पाळवत नाही. बाहेरगावचे लोक परत जायच्या आत व्हावी म्हणून जो तो भाऊबीजेला चिकटून दिवस मागतो. मग पाच कोसांत चार मंडया एकाच दिवशी. पाहुणे वाटले जातात, दुकानं वाटली जातात, आणि रात्री नाटकाला अर्धं मैदान रिकामं. सगळेच पहिल्या पंगतीला बसायला धावले तर काय होतं ते मघाशी सांगितलंच. पुन्हा सांगतो, वाढायला कुणी उरत नाही. जे आपण सरकारला करू देणार नाही म्हणतो, ते आपणच करून बसतो.

घड्याळाचा काटा पुढे गेला आहे, म्हणून थोडक्यात. दसऱ्याच्या सुमाराला शेजारच्या आठ-दहा गावांच्या मंडळांनी एकत्र बसावं, तारखा आपसात वाटून घ्याव्यात, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. जवळची तारीख यंदा एका गावाला, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. पर्यटक यायचेच असतील तर त्यांनीही ती यादी वाचावी आणि एखाद्या गावात रात्र काढावी. महोत्सवासाठी जे पैसे ठेवणार असाल, त्यातून मंडईच्या मैदानावर पाण्याची सोय करा, बायकांसाठी संडास करा. आणि एसटीचं एक आहे. नाटक सुटतं पहाटे, बायामाणसं लेकरं घेऊन रस्त्यावर उभी असतात, आणि पहिली गाडी... पण तो विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही आणि माझी वेळ संपली आहे. दसऱ्याच्या बैठकीचं मात्र विसरू नका.